लगदा होऊ द्यावा, ओढणी जळू देऊ नये

जिल्हा परिषदेच्या एका शाळेच्या व्हरांड्यात स्वयंसेवक ताई-दादांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण चालले होते. मी कोपऱ्यात बसून बघत होतो. पहिल्याच दुपारी प्रशिक्षकाने एक काम दिले. आठवीतल्या सहा मुलामुलींनी पंचवीस जणांपुरते कांदेपोहे करायचे आणि प्रशिक्षणाला आलेल्या मोठ्या माणसांनी नुसते बघायचे. मुलांनी आधी पोहे पातेल्यात भिजत घातले आणि मग सावकाश कांदे चिरायला घेतले. ज्याने जन्मात एकदा तरी पोहे केलेत त्याला पुढचे सांगायला नको. पाचव्या मिनिटाला एका ताईंना राहवले नाही. ‘अगं, निथळून ठेव ना ते!’ म्हणेपर्यंत चाळणी त्यांच्या हातात आली होती. प्रशिक्षक काही बोलला नाही, त्याने फळ्यावर खडूने एक रेघ मारली. चाळीस मिनिटांत अशा नऊ रेघा झाल्या. कुणी मीठ टाकले होते, कुणी गॅस बारीक केला होता, कुणी नुसतेच ‘असं नाही रे, असं’ केले होते. त्यातल्या एका रेघेभोवती त्याने गोल काढला. एका मुलीची ओढणी शेगडीवर लोंबत होती, ती एका दादाने झटकन मागे ओढली होती.

संध्याकाळी सगळ्यांनी लगदा खाल्ला. प्रशिक्षक म्हणाला, ‘लगदा होऊ द्यायचा, ओढणी जळू द्यायची नाही. या दोन्हींतला फरक चटकन कळायला लागला की तुमचं प्रशिक्षण झालं.’

कुमारवयीन मुलांसोबत काम करू इच्छिणाऱ्या मोठ्या माणसांना नेमके काय शिकवायचे, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. शिबिरे, बालभवने, खेळाची मैदाने, वस्तीतले अभ्यासवर्ग, राष्ट्रीय सेवा योजनेचे कॅम्प या सगळ्यांना तो पडतो. २०११च्या जनगणनेनुसार भारतात १० ते १९ वयाची मुले सुमारे २५ कोटी होती. एवढ्या मुलांना पुरतील इतके पगारी समुपदेशक किंवा युवक कार्यकर्ते कुठल्याच सरकारला नेमता येणार नाहीत. काम बरेचसे स्वयंसेवकांवरच चालणार. ते स्वयंसेवक तयार कसे करायचे, याबद्दल जगात आणि आपल्याकडे आजवर काय हाती लागले आहे, त्याचा हा आढावा.

कल्पना कुठून आली

पौगंडावस्थेकडे बघण्याची जुनी रीत धास्तीची होती. मुलगा व्यसनाला लागू नये, मुलीचे पाऊल वाकडे पडू नये, दहावीत नापास होऊ नये. सगळा हिशेब काय होऊ नये याचा. विसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या काही अभ्यासकांनी हा हिशेब फिरवला आणि मूल नीट वाढते तेव्हा त्याच्याभोवती काय काय असते, असे विचारायला सुरुवात केली. मिनियापोलिसच्या सर्च इन्स्टिट्यूटचे पीटर बेन्सन यांनी नव्वदच्या दशकात अशा चाळीस गोष्टींची यादी केली. आईवडिलांखेरीज आणखी तीन किंवा जास्त मोठ्या माणसांचा मुलाला आधार असावा, अशी त्यात एक साधी नोंद आहे. आपल्याकडे हे तिघे पूर्वी न शोधता मिळत. एखादी आत्या, वाड्यातले कुणी काका, तालमीतले वस्ताद. बंद दाराच्या फ्लॅटमध्ये किंवा कामासाठी गाव सोडलेल्या कुटुंबात ते आता सहज मिळत नाहीत.

टफ्ट्स विद्यापीठाचे रिचर्ड लर्नर यांनी २००२ पासून ‘फोर-एच’ या जुन्या ग्रामीण युवक चळवळीतल्या आणि बाहेरच्या मुलांचा बरीच वर्षे पाठपुरावा केला. अमेरिकेच्या ४२ राज्यांतली सुमारे ७,००० मुले त्यात आली. क्षमता, आत्मविश्वास, नाती, चारित्र्य आणि सहृदयता अशा पाच अंगांनी त्यांनी वाढ मोजली. हे पाचही वाढले की मूल दुसऱ्यांसाठी काही करू लागते, असे त्यांचे म्हणणे. चांगल्या उपक्रमात तीन गोष्टी असतात, असेही त्यांनी मांडले: टिकाऊ आणि प्रेमळ मोठे माणूस, कौशल्य शिकवणारे काम, आणि ते कौशल्य वापरून पुढाकार घेण्याची संधी. तिन्हींच्या किल्ल्या त्या मोठ्या माणसाच्याच हाती असतात.

याची जाणीव स्काउट चळवळीच्या बेडन-पॉवेलला फार आधी झाली होती. १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर त्याने विसेक मुलांचे शिबिर घेतले. १९०८ मध्ये त्याचे पुस्तक आले आणि मुलांनी आपापली पथके काढली. पथके आधी निघाली, त्यांना मोठे माणूस नंतर शोधावे लागले. ही माणसे तयार करायला १९१९ मध्ये लंडनजवळ गिलवेल पार्कला पहिला वर्ग झाला. तिथे आलेल्या प्रौढांना व्याख्याने देऊन परत पाठवले नाही. त्यांनाच मुलांसारखे टोळ्यांमध्ये विभागले, तंबूत ठेवले, स्वयंपाक करायला लावला. मुलाला जे करायला सांगणार ते आधी स्वतःच्या अंगावरून जाऊ द्यायचे, ही युक्ती तिथली. भारत स्काउट्स अँड गाइड्स ही संघटना १९५० मध्ये झाली. तिच्याकडे नेत्यांच्या प्रशिक्षणातला वरचा टप्पा आजही ‘हिमालय वुड बॅज’ म्हणून ओळखला जातो आणि पचमढीला तिचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे.

आपल्याकडची वाट

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटत आला. १९४१च्या जूनमध्ये राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली, एस. एम. जोशी दलप्रमुख झाले, साने गुरुजींनी त्याला आपले मन दिले. संध्याकाळची शाखा, अभ्यासमंडळ, श्रमदान, कलापथक यांतून मुले घडत. शाखानायक हा मुलांपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा असे. त्याचे प्रशिक्षण म्हणजे सुटीतले शिबिर आणि वर्षभर वरच्या कार्यकर्त्याचा सहवास. १९६२ मध्ये अप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी काढली, तिथेही मैदानावरच्या दलांत कालचा सदस्य उद्याचा दादा होत गेला. पुण्यातच गरवारे बालभवनात शोभा भागवत यांनी ऐंशीच्या दशकापासून ‘ताई’ घडवल्या. त्यांत घर सांभाळणाऱ्या कितीतरी बायका होत्या. खेळ, गाणी, चित्रे यांच्याइतकेच मुलाशी बोलायचे कसे यावर तिथे भर होता. पुढे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी २००६ मध्ये ‘निर्माण’ सुरू केले. तिथला शिबिरार्थी आधीच तरुण असतो. त्याला उपदेश न देता प्रश्नांपाशी नेऊन सोडायचे, असा त्याचा साचा आहे.

या साऱ्या परंपरेत प्रशिक्षण म्हणजे उमेदवारी. सुतारकामासारखे, बघत बघत शिकायचे. तिचे मोल मोठे आहे. गाणे कधी घ्यायचे, रडणाऱ्या मुलाजवळ कुणी बसायचे, रात्री तंबूत घाबरलेल्या मुलीला काय सांगायचे, हे कुठल्याही पुस्तिकेत नसलेले शहाणपण अशाने हातून हातात जाते. पण त्याच वाटेने खोडीही जातात. ज्या दादाने शिट्टी फुंकून पंचवीस उठाबशा काढायला लावल्या, त्याच्या हाताखालचा मुलगा मोठा होऊन तेच करतो आणि त्याला शिस्त म्हणतो. शिवाय उमेदवारीला कुणीतरी ओळखीचे लागते. ज्या वस्तीतून, ज्या जातीतून कुणी आधी गेलेले नाही, तिथली मुलगी दारातच अडते. यातले फारसे कुणी लिहून ठेवले नाही आणि मोजले तर त्याहून कमी.

सरकारी बाजूला राष्ट्रीय सेवा योजना आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास द्यायचे आणि सात दिवसांच्या निवासी शिबिराला जायचे. या सगळ्यामागे असतो कार्यक्रम अधिकारी, म्हणजे महाविद्यालयातलाच एखादा प्राध्यापक. त्याच्यासाठी उद्बोधन वर्गाची सोय योजनेत आहे. अडचण वर्गाच्या आधीच सुरू होते. कित्येक ठिकाणी ‘यंदा तुम्ही बघा’ म्हणून प्राचार्य ही जबाबदारी गळ्यात घालतात. अमेरिकेत मिल्टन बॉइस यांनी १९७१ मध्ये स्वयंसेवक सांभाळण्याच्या सात पायऱ्या मांडल्या होत्या: हेरणे, निवडणे, कामाची ओळख करून देणे, प्रशिक्षण, कामाला लावणे, कौतुक करणे, पारखणे. प्रशिक्षण तिथे चौथे येते. चुकीचा माणूस निवडून त्याला चांगले प्रशिक्षण दिले, तर तो चुकीचेच काम जरा सफाईने करतो.

पुरावा काय सांगतो

सदिच्छेने मुलांचे भलेच होते, असे सगळ्यांना वाटते. अभ्यास मात्र तसे सरसकट म्हणत नाहीत.

सर्वांत गाजलेला अभ्यास ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या अमेरिकी संस्थेचा. एक मोठा स्वयंसेवक आणि एक मूल अशी जोडी, महिन्यातून तीनेक वेळा भेट. १० ते १६ वयाच्या ९५९ मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करून दीड वर्ष पाहिले गेले. १९९५ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांना जोडीदार मिळाला होता, त्यांच्यात अमली पदार्थ नव्याने घेऊ लागण्याचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा ४६ टक्क्यांनी कमी आणि दारूचे २७ टक्क्यांनी कमी होते. स्वयंसेवक या मुलांना व्यसनमुक्तीवर भाषणे देत नव्हते. बरोबर फिरत होते, बोलत होते.

हाच तपशील पुन्हा चाळून जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ मध्ये पुढची गोष्ट दाखवली. जोडी वर्षभर किंवा जास्त टिकली तिथे फायदा सर्वांत जास्त होता. पहिल्या तीन महिन्यांतच तुटली तिथे मुलाचा स्वतःबद्दलचा आदर उलट घटला होता. आधीच सोडून गेलेल्या माणसांची सवय असलेल्या मुलाला आणखी एकजण सोडून गेला, असा त्याचा अर्थ. ‘थोडा का होईना, वेळ तर दिला’ हे समाधान त्यामुळे नेहमी खरे नसते.

जोडी टिकते कशाने, याचे उत्तर मॉरो आणि स्टाइल्स यांच्या १९९५च्या अभ्यासात आहे. त्यांनी ८२ जोड्या जवळून पाहिल्या. काही स्वयंसेवक मुलाला ‘सुधारायचे’ ठरवून आले होते, अभ्यास, शिस्त, सवयी यांची यादी खिशात घेऊन. दुसऱ्या प्रकारचे स्वयंसेवक आज काय करायचे ते मुलाला ठरवू देत आणि आधी विश्वास बसण्याची वाट बघत. नऊ महिन्यांनी पहिल्या प्रकारच्या बहुतेक जोड्या मोडल्या होत्या, दुसऱ्या प्रकारच्या बहुतेक टिकून होत्या. चाळणी हातात घेणाऱ्या ताईंची गोष्ट इथे आकड्यांत दिसते.

सर्वांत बोचरा धडा त्याहून जुना आहे. १९३९ मध्ये मॅसेच्युसेट्समध्ये ५०६ मुलांवर केंब्रिज-सॉमरव्हिल नावाचा प्रयोग सुरू झाला. निम्म्या मुलांना काही वर्षे समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरे असे सगळे मिळाले. तीसेक वर्षांनी जोन मॅककॉर्ड यांनी ती माणसे शोधून काढली. मदत मिळालेली मुले मोठेपणी बरी निघण्याऐवजी काही बाबतींत जास्त वाईट अवस्थेत सापडली. पुढच्या विश्लेषणात, एकापेक्षा जास्त वेळा उन्हाळी शिबिराला पाठवलेल्या मुलांकडे बोट गेले. वांड पोरे एकत्र आली की एकमेकांना हसून, टाळ्या देऊन वांडपणाच पक्का करतात, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. गट कसा बांधायचा, कुणाच्या विनोदाला हसायचे नाही, हे ताई-दादांना शिकवावेच लागते.

आपल्याकडचे पुरावे मुख्यतः प्राथमिक वयाचे आहेत, पण उपयोगी आहेत. मुंबईत जन्मलेल्या ‘प्रथम’ या संस्थेने वस्तीतल्याच, शाळा शिकलेल्या तरुण मुलींना दोन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि थोडे मानधन देऊन ‘बालसखी’ म्हणून मागे पडलेल्या मुलांसोबत बसवले. मुंबई आणि बडोद्यातल्या तपासणीत मुलांचे गुण चांगलेच वाढलेले दिसले. बालसखीला वर्षभर वरून मदतही मिळत असे. नंतर उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २८० गावांत आणखी एक प्रयोग झाला. सभा घेऊन नुसती माहिती दिली त्या गावांत काही हलले नाही. जिथे बिनपगारी तरुण स्वयंसेवकांना थोडक्यात शिकवून वाचनवर्ग घ्यायला लावले, तिथे वर्गाला आलेली मुले झपाट्याने वाचू लागली. पण गावातली फार थोडी मुले त्या वर्गांना आली. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत: साधे, एकाच कामाचे प्रशिक्षण चालते, आणि वर्गाबाहेर राहिलेल्या मुलापर्यंत ते आपोआप पोचत नाही.

मुंबईतलाच ‘परिवर्तन’ हा उपक्रम कुमारवयीन मुलांचा. शालेय क्रिकेटच्या प्रशिक्षकांना मुलींशी आदराने वागण्याबद्दल मुलांशी बोलायला शिकवले गेले. मैदानावर कोचचा शब्द घरातल्या शब्दाहून वजनदार असतो, हे हेरून केलेले काम. मुलांचे विचार बदललेले मोजणीत दिसले. वागणे तितके ठळक बदललेले दिसले नाही. कोचने सरावाआधी दहा मिनिटे समतेवर बोलायचे आणि झेल सुटला की ‘बांगड्या भर’ ओरडायचे, तर मुले ओरडण्यातूनच शिकतात.

प्रशिक्षणात काय असावे

किती तास, हा पहिला व्यवहारी प्रश्न. अमेरिकी जोड्यांच्या एका पाहणीत दोन तासांहून कमी प्रशिक्षण मिळालेल्यांचे मुलांशी नाते सर्वांत पातळ आढळले, सहा तासांहून जास्त मिळालेल्यांचे सर्वांत घट्ट. म्हणजे सुरुवातीला एक पूर्ण दिवस तरी हवाच. मात्र डेव्हिड ड्युबॉइस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ५५ मूल्यमापने एकत्र करून पाहिली तेव्हा काम सुरू झाल्यानंतर चालू राहणारे प्रशिक्षण हे चांगल्या उपक्रमांचे लक्षण ठरले. आपल्याकडे गाडी इथेच थांबते. उद्घाटनाला पाहुणे असतात, समारोपाला प्रमाणपत्रे असतात, तिसऱ्या महिन्यात ताई रडकुंडीला येते तेव्हा फोन उचलायला कुणी नसते.

ऐकणे शिकवता येते. त्या व्हरांड्यात दुसऱ्या दिवशी जोड्या पाडल्या. एकाने चौदा वर्षांचे व्हायचे आणि म्हणायचे, ‘मला शाळेत नाही जायचं.’ दुसऱ्याने दोन मिनिटे सल्ला न देता ऐकायचे. बहुतेकांचा सल्ला अर्ध्या मिनिटात बाहेर पडला. ‘अरे, पण शिक्षणाशिवाय...’ एका निवृत्त गुरुजींनी मात्र विचारले, ‘कधीपासून वाटतंय असं?’ समोरचा ‘मुलगा’, म्हणजे पंचेचाळीस वर्षांचे एक दुकानदार, खरेच गप्प झाला आणि मग बोलू लागला.

मुलांचा सहभाग खरा की दिखाऊ, हे ओळखायला रॉजर हार्ट यांची आठ पायऱ्यांची शिडी उपयोगी पडते. १९९२ मध्ये युनिसेफने ती प्रसिद्ध केली. खालच्या तीन पायऱ्यांवर मुलांना वापरून घेणे, शोभेला उभे करणे आणि नावापुरते विचारणे येते. पंधरा ऑगस्टला गुरुजींनी लिहून दिलेले भाषण हातवारे करून म्हणणारे मूल कुठल्या पायरीवर आहे, हे प्रशिक्षणार्थींना विचारावे. खोलीत हशा पिकतो आणि मग शांतता होते.

आणि ओढणीची बाजू. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२चा कायदा, म्हणजे पॉक्सो, मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवा. अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी शंका आली, तर कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे कुणालाही बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मुलगी म्हणते, ‘ताई, कुणाला सांगू नका हं.’ ताईच्या तोंडून पटकन ‘नाही सांगणार’ निघते. हे वचन तिला देता येत नाही, आणि तसे न दुखावता सांगायचे कसे, याचा सराव घ्यावाच लागतो. ‘तुझ्या मदतीसाठी ज्यांना सांगावं लागेल तेवढ्यांनाच सांगेन, आणि आधी तुला सांगून.’ एका मुलासोबत बंद खोलीत एकटे न बसणे, रात्री-अपरात्री खासगी मेसेज न करणे, सहलीला लेखी संमती आणि मुलींसोबत बाई असणे, मुलांच्या मदतीचा १०९८ हा क्रमांक भिंतीवर असणे, हे नियम स्वयंसेवकाचेही रक्षण करतात. ‘आपल्या संस्थेत असं काही होत नाही’ असे जिथे अभिमानाने सांगतात तिथे ते आधी लावावेत.

अडते कुठे

पहिली अडचण मोजण्याची. देणगीदार विचारतो किती स्वयंसेवकांना प्रशिक्षण दिले. म्हणून संस्था वर्ग भरवते, सह्या घेते, फोटो काढते. किती टिकले, हे कुणी विचारत नाही.

दुसरी मानधनाची. सेवेला पैसे कसले, हा आपला जुना संस्कार. पण शहरात बस-रिक्षाचे भाडे स्वतःच्या खिशातून फक्त सुस्थितीतला माणूस घालू शकतो. बालसखीला थोडे मानधन होते म्हणून वस्तीतली मुलगी बालसखी होऊ शकली. प्रवासखर्च आणि चहा तरी संस्थेने द्यावा, नाहीतर दादा नेहमी एकाच थरातून येतील.

तिसरी निघून जाण्याची. ताईचे लग्न ठरते, दादा एमपीएससीच्या अभ्यासाला पुण्याला जातो. ते थांबवता येत नाही, पण निरोप घेणे शिकवता येते. महिनाभर आधी मुलांना सांगणे, नवी ताई आली की दोघींनी काही आठवडे एकत्र येणे, एवढ्याने गळती तीच राहते पण मुलाची जखम लहान होते.

या सगळ्याचा निवाडा असा: आपल्या परंपरेला उमेदवारी येते, परदेशी अभ्यासाला मोजणी येते, आणि दोन्हींची गाठ अजून नीट पडलेली नाही. दोन दिवसांच्या वर्गावरचा निम्मा खर्च काढून महिन्यातून एकदा ताई-दादांना एकत्र बसवणाऱ्या एका अनुभवी माणसावर केला, तर जास्त फळ मिळेल. वर्गाच्या अहवालात पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात यातले किती जण अजून येतात, असा एक रकाना वाढवावा. आणि वाचकांपैकी कुणाला आठवीच्या मुलांसोबत काहीतरी करावे असे वाटत असेल, तर आठवड्याचा एक तास वर्षभर देता येईल का, हे आधी घरी विचारून घ्यावे. तेवढे जमत नसेल तर देणगी द्यावी; तिचाही उपयोग होतो.